डब्यामागचं गाव

चैत्रात गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या की मुंबईच्या वर्तमानपत्रांत एक छोटी बातमी हटकून येते. डबेवाले पाच-सहा दिवस गावी चालले आहेत, तेवढे दिवस डबे पोहोचणार नाहीत, आणि ग्राहकांनी या खाड्यांचे पैसे कापू नयेत, अशी संघटनेची विनंती आहे. पुढे तालुक्यांची नावं असतात: जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, मुळशी, अकोले, संगमनेर. वाचणारा पान उलटतो. व्यवस्थापन शिकवणाऱ्याला मात्र ही बातमी चक्रावून टाकते. जिची ख्याती कधीच न चुकण्याबद्दल आहे, ती सेवा सगळ्या माणसांना एकदम रजा देऊन जवळजवळ आठवडाभर बंद राहते. कोणताही सल्लागार म्हणेल, रजा पाळीपाळीने द्या, गट पाडा. डबेवाले त्याचं शांतपणे ऐकून घेतील आणि जत्रेची गाडी पकडतील.

संस्था कशा चालतात, नवं काही त्यांच्यात कसं रुजतं आणि त्यांना पुढे कोण नेतं, यावर बिझनेस स्कूलमधून गेली शंभरेक वर्षं जे संशोधन झालं, त्याची ओळख करून देणारं हे पुस्तक आहे. अशा पुस्तकांची सुरुवात डेट्रॉइटच्या मोटारींनी किंवा टोयोटाच्या कारखान्याने करायची रीत आहे. मी जुन्नर-आंबेगावपासून करतो. या दोन तालुक्यांशी हार्वर्डचा संबंध आला आहे, आणि तो कसा आला, त्यात काय दिसलं आणि काय निसटलं, हे समजून घेतलं की पुढची प्रकरणं वाचायला सोपी जातील.

हार्वर्ड बिझनेस स्कूलचे प्राध्यापक स्टीफन थॉमके यांनी मोना सिन्हा यांच्याबरोबर २०१० साली डबेवाल्यांवर केस लिहिली. २०१२ च्या नोव्हेंबरात हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये थॉमके यांचा लेख आला. त्यांचं काम चोख आहे. तेव्हा सुमारे पाच हजार माणसं, रोजचे एक लाख तीस हजार डबे, जाता-येता मिळून दोन लाख साठ हजार देवाणघेवाणी, आणि हे सगळं सहा तासांत. मोठ्या स्टेशनवर डबे चढवायला चाळीस सेकंद मिळतात, मधल्या स्टेशनवर वीस. डब्याच्या झाकणावर मधोमध मोठा आकडा असतो, तो कोणत्या भागात उतरायचं ते सांगतो. कडेच्या अक्षर-आकड्यांवरून इमारत, मजला आणि शेवटचा डबेवाला कळतो. रंग आणि खूण मिळून डबा कुठल्या स्टेशनवरून निघाला ते सांगतात, म्हणजे रिकामा डबा त्याच वाटेने परत जातो. झाकणावर पत्ता नाही, ग्राहकाचं नाव नाही. जेवढं पुढच्या हाताला लागतं तेवढंच लिहिलेलं असतं. तेव्हा जवळपास दोनशे गट, प्रत्येकात पंचवीसेक माणसं, प्रत्येक गटाचा हिशेब स्वतंत्र. शिवाय कोणी आजारी पडलं, कोणाची लोकल चुकली तर हाताशी दोन-तीन जादा माणसं. सामान्य माणसांच्या हातून असामान्य काम होतं ते संघटना, व्यवस्थापन, कामाची पद्धत आणि संस्कृती यांचा मेळ बसल्यामुळे, असा थॉमके यांचा निष्कर्ष आहे.

यातले पहिले तीन खांब मोजता येतात. चौथा राहतो. 'संस्कृती' म्हणून जे लेखात दोन-चार परिच्छेदांत येतं (एकच बोली, एकच मुलूख, वारकरी माळ, अन्न पोहोचवणं हे पुण्याचं काम ही भावना), त्याच्यावर बाकीचे तीन उभे आहेत, आणि त्याची जागा चर्चगेटला नाही.

ती जागा कुठे आहे हे पाहण्याआधी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती डबेवाल्यांपेक्षा आपल्या शास्त्राबद्दल जास्त सांगते. डबेवाले 'सिक्स सिग्मा' आहेत, म्हणजे त्यांच्या हातून जवळजवळ चूकच होत नाही, हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. व्याख्यानांत, जाहिरातींत, परीक्षेच्या पेपरांत ते आहे. ते आलं कुठून? १९९८ साली फोर्ब्स मासिकात सुब्रत चक्रवर्ती यांचा लेख आला. त्यांनी संघटनेचे अध्यक्ष रघुनाथ मेदगे यांना विचारलं, चूक किती वेळा होते? जवळजवळ कधीच नाही, झालीच तर दोन महिन्यांतून एखादी, असं उत्तर मिळालं. चक्रवर्तींनी कागदावर हिशेब केला. दोन महिन्यांत पन्नास कामाचे दिवस आणि रोजचे दीड-पावणेदोन लाख डबे धरले, तर ऐंशी लाखांत एक चूक. परतीचा प्रवास धरला तर एक कोटी साठ लाखांत एक. लेखात 'सिक्स सिग्मा' हा शब्दच नव्हता, आणि फोर्ब्सने कसलंही प्रमाणपत्र दिलं नव्हतं, हे त्यांनी पुढे स्वतः सांगितलं. त्यांच्या सांगण्यानुसार शब्द चिकटला तो २००२ च्या एका परिषदेत. कोणी वार्ताहराने अध्यक्षांना विचारलं, तुम्ही सिक्स सिग्मा आहात का? त्यांनी विचारलं, म्हणजे काय? त्यासाठी लागणारा चुकांचा आकडा सांगितल्यावर ते म्हणाले, मग आहोत की, फोर्ब्सला विचारा.

मला या उत्तरात लबाडी दिसत नाही, हजरजबाबीपणा दिसतो. दोष विचारणाऱ्याचाही नाही. दोष पुढच्या वीस वर्षांचा आहे, ज्यांत, माझ्या माहितीप्रमाणे, कोणीही उठून महिनाभर चर्चगेटला उभं राहून चुकलेले डबे मोजले नाहीत, आणि तरी आकडा स्लाइडवरून स्लाइडवर उतरत गेला. अध्यक्षांचं 'क्वचित' दशांश चिन्हासकट छापलं गेलं.

व्यवस्थापनशास्त्रात हे पहिल्यांदा झालेलं नाही. फ्रेडरिक टेलर यांनी १९११ च्या 'प्रिन्सिपल्स ऑफ सायंटिफिक मॅनेजमेंट'मध्ये बेथलेहेम स्टीलच्या 'श्मिट' नावाच्या मजुराची कथा सांगितली. शास्त्रशुद्ध पद्धतीने काम करायला लावल्यावर तो रोज साडेबारा टनांऐवजी साडेसत्तेचाळीस टन कच्चं लोखंड उचलू लागला. ही कथा शास्त्राच्या मंगलाचरणासारखी शिकवली गेली. १९७४ साली रेगी आणि पेरोनी या दोघांनी मूळ कागद उघडले, तेव्हा तिच्यात बरीच कल्पित भर निघाली. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातल्या उजेडाच्या प्रयोगांची माहितीही २०११ साली लेव्हिट आणि लिस्ट यांनी पुन्हा तपासली, आणि 'माणसांकडे लक्ष दिलं की उत्पादन वाढतं' ही प्रसिद्ध गोष्ट त्या आकड्यांत फारशी पक्की उभी राहत नाही, असं त्यांना दिसलं. फिल रोझेनझ्वाईग यांनी २००७ मध्ये यामागची खोड नेमकी पकडली: कंपनी यशस्वी झाली की तिचा प्रत्येक गुण त्या यशाचं कारण वाटू लागतो. तीच कंपनी बुडाली की त्याच गुणांना दुर्गुण म्हणतात. डबेवाल्यांची टोपी, सायकल, अक्षरओळखीपुरतं शिक्षण, सगळंच 'मॉडेल' झालं ते याच वाटेने.

मग डबेवाल्यांकडून शिकायचं काय?

गावापासून सुरुवात करू. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी शंभरेक माणसं घेऊन हे काम सुरू केलं. ती माणसं सह्याद्रीच्या कुशीतल्या ज्या पट्ट्यातून आली, तिथला जमिनीचा तुकडा लहान, भात एका हंगामाचा आणि पोटं जास्त. भाऊबंदांपैकी एक मुंबईला, एक शेतावर, अशी वाटणी आपोआप झाली. नव्या माणसाला आणणारा जुना माणूस असतो: मामा, चुलतभाऊ, गाववाला. तो आधी पगारावर उमेदवारी करतो, लाईन शिकतो, आणि मग ठरलेली रक्कम भरून गटात बरोबरीचा भागीदार होतो. लाईन म्हणजे ठरलेल्या ग्राहकांचा फेरा; तिला किंमत असते.

आता या माणसाने एखाद्या दिवशी दारू पिऊन काम बुडवलं तर? दंड आहेच, मुकादमही आहे. पण दंडाच्या पलीकडे एक गोष्ट आहे, जी कुठल्याही नियमावलीत लिहावी लागत नाही: बातमी संध्याकाळी फोनने गावात पोहोचते. त्याच्यासाठी शब्द टाकणारा मामा त्याच गावात राहतो. बहिणीचं लग्न त्याच पंचक्रोशीत ठरायचं असतं. बिझनेस स्कूलमध्ये ज्याला देखरेखीचा खर्च म्हणतात, तो इथे मुंबईतल्या गटाला जवळजवळ भरावाच लागत नाही. तो घोडेगाव, ओतूर आणि राजगुरुनगरच्या आसपासची गावं भरतात. आणि तो भरत राहावा म्हणून वर्षातून एकदा सगळ्यांनी एकाच वेळी गावात तोंड दाखवावं लागतं. पाळीपाळीने रजा घेऊन हे साधत नाही, कारण पालखीपुढे सगळे एकत्र असतील तेव्हाच कोण आलं आणि कोण आलं नाही हे कळतं. त्या पाच-सहा दिवसांचा तोटा माझ्या मते देखभालीचा खर्च आहे.

याची दुसरी बाजू मी झाकणार नाही. हीच वीण कुंपणसुद्धा असते. ज्याचा मामा लाईनवर नाही त्याला या कामात शिरणं अवघड आहे. बाया फार थोड्या. सर्वांना जवळजवळ सारखा वाटा मिळतो हे खरं, पण वाटा मुळात लहान आहे, आणि म्हणून शिकलेली मुलं बापाची सायकल घ्यायला तयार नसतात. ब्रिटनचे तेव्हाचे राजपुत्र चार्ल्स २००३ मध्ये चर्चगेटला येऊन भेटले, २००५ मध्ये त्यांच्या लग्नाचं आमंत्रण आलं, डबेवाले व्यवस्थापनसंस्थांतून व्याख्यानं देऊ लागले. या कौतुकाच्या गर्दीत कमाईचा प्रश्न विचारणं असभ्य वाटावं, अशी हवा तयार झाली. इटालियन मानववंशशास्त्रज्ञ सारा रोंकालिया यांचं २०१३ चं 'फीडिंग द सिटी' हे पुस्तक मला म्हणूनच मोलाचं वाटतं. त्यात डब्याबरोबर जात, गाव, देव आणि स्थलांतर हेही येतं. मराठी वाचकाला याच विषयावरचं शोभा बोंद्रे यांचं 'मुंबईचा अन्नदाता' ठाऊक असेल.

आता थोडं पूर्वेला जाऊ. डबेवाल्यांचा पट्टा जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेला, पावसाच्या बाजूला आहे. जुन्नर तालुक्याचं दुसरं टोक म्हणजे आणे. कल्याण-अहिल्यानगर रस्त्याने आळेफाटा आणि बेल्हे मागे टाकलं की आणे घाट लागतो. गुळुंचवाडीचा प्रसिद्ध नैसर्गिक दगडी पूल तिथलाच. वर चढलं की पठार. कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांनी खालच्या शिवारात ऊस, टोमॅटो, द्राक्षं आणली, पण कालव्याचं पाणी घाट चढत नाही. आणे, पेमदरा, नळवणे, शिंदेवाडी ही पठारावरची गावं अजून आभाळाकडेच बघतात. अशा कोरडवाहू गावात पौषात रंगदास स्वामींची यात्रा भरते आणि तिचा प्रसाद म्हणजे आमटी-भाकरी. हजारोंच्या पंगती उठतात. मसालेदार आमटीचं नाव जिल्ह्यात सगळीकडे झालं आहे, आणि चवीच्या बाबतीत मला तटस्थ संशोधक समजू नये.

पण इथे मला दाखवायची आहे ती कामाची विभागणी. आमटी एका जागी, मोठमोठ्या कढयांत शिजते. भाकरी घराघरांतून येतात. हे कोणी आराखडा काढून ठरवलेलं नाही, तरी व्यवस्थापनाच्या कुठल्याही परीक्षेत याला पूर्ण गुण मिळावेत. आमटी दुप्पट करायची तर कढई मोठी करता येते, जाळ वाढवता येतो, आणि मसाला एकाच्या अंदाजाने पडला की चव सगळ्यांना एक मिळते. भाकरी मात्र एका वेळी एकच थापली जाते, तिला हात आणि तवा लागतो. तिथे मोठं करून काहीच वाचत नाही. मग ते काम शेकडो चुलींवर गेलेलं बरं. बरं, शेकडो घरच्या भाकरी सारख्या कशा असतील? नसतातच. एक जाड, एक पातळ, एक कडेला करपलेली. पण ताटात ती आमटीत कुस्करली जाते आणि फरक तिथेच संपतो. मोजमाप सारखं ठेवण्याची गरजच शेवटच्या पायरीने काढून टाकली आहे. डबेवाल्यांच्या बाबतीत याच्या अगदी उलट: डब्याचा आकार वेडावाकडा असला तर तो डोक्यावरच्या लाकडी पाटीत बसत नाही, म्हणून ग्राहकाला ठरावीक डबाच वापरायला सांगतात. फरक कुठे चालवून घ्यायचा आणि कुठे नाही, हा कारखान्यातल्या गुणवत्ता-नियंत्रणाचा कळीचा प्रश्न आहे, आणि एकाच तालुक्याच्या आसपास त्याची दोन परस्परविरुद्ध, पण तितकीच बरोबर उत्तरं सापडतात.

एखाद्या घराने भाकरी दिल्याच नाहीत तर काय, असा प्रश्न अर्थशास्त्रज्ञ विचारील. फुकट जेवणाऱ्याचा प्रश्न. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या 'गव्हर्निंग द कॉमन्स'मध्ये दाखवलं की कुरणं, मासेमारी, पाटाचं पाणी अशा सामाईक गोष्टी बाहेरच्या शिपायाशिवायही लोक पिढ्यानपिढ्या सांभाळतात. त्यांनी सांगितलेल्या अटींपैकी इथे कामाची ही की ज्यांच्यावर नजर ठेवायची आणि जे नजर ठेवतात ते एकच असावेत. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आण्यात कोणाकडून किती भाकरी आल्या हे शेजारणींना माहीत असतं.

नवनिर्मितीच्या प्रकरणासाठीही तालुक्याबाहेर जावं लागलं नाही. नारायणगावजवळच्या खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. १९६१ मध्ये परदेशातल्या चार तरुण भारतीय खगोलशास्त्रज्ञांनी मायदेशी परत येऊन गट उभारायची तयारी पत्राने कळवली, होमी भाभांनी तार करून होकार दिला, आणि त्यांतले गोविंद स्वरूप १९६३ मध्ये परतले. पुढे त्यांच्यापुढचा प्रश्न पैशांचा होता: एवढी मोठी तबकडी पत्र्याची केली तर ती वाऱ्यात टिकायला अवाढव्य लोखंड लागेल. त्यांनी ताणलेल्या तारांच्या आधारावर बारीक तारांची जाळी बसवली. मीटरभर लांबीच्या लहरींना त्या जाळीची भोकं दिसतच नाहीत, वारा मात्र आरपार जातो. वजन आणि खर्च दोन्ही घटले. 'कमी पैशांतली नवनिर्मिती' या नावाने हल्ली जे अभ्यासक्रम निघाले आहेत, त्यांत खोडद अपवादानेच भेटतं. त्या प्रकरणात मी तारांपेक्षा तारेबद्दल जास्त लिहिलं आहे: भाभांसारख्या संचालकाने, समित्यांची वाट न पाहता, माणसांवर विश्वास टाकला, ही नेतृत्वाची घटना आहे आणि ती आकृतीत मांडता येत नाही.

जुन्नरला संघटनांचं नवल तसंही नसावं. इथल्या लेण्यांतल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिलालेखांत धान्य-व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे व्यावसायिक संघाने, कोरवून दिलेल्या लेण्याचा आणि पाण्याच्या टाक्याचा उल्लेख आहे, बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याची नोंद आहे. माणसं मरत, श्रेणी राहत, म्हणूनच ठेव तिच्याकडे ठेवायची. या विषयावर पुढे स्वतंत्र प्रकरण आहे, त्यामुळे इथे एवढंच.

राहिला तो भाग, ज्यामुळे हे पुस्तक लिहायला घेतलं. हार्वर्डच्या केसमध्ये डब्याचा प्रवास सकाळी दारातून सुरू होतो. डबेवाला बेल वाजवतो, डबा तयार असतो, तो पुढे जातो. तयार असतो! जिन्यावर दोन मिनिटं थांबावं लागलं तर पुढची लोकल चुकते, म्हणून लाखभर स्वयंपाकघरांना रोज ठरल्या मिनिटाला डबा तयार ठेवावा लागे. त्यासाठी पहाटे कुकर लावणारी बाई कोणाच्याही हजेरीपटावर नाही, दोन लाख साठ हजार देवाणघेवाणींत तिची देवाणघेवाण धरलेली नाही. आण्यातही कढईभोवतीची माणसं फोटोत येतात, भाकरी थापणारी घरात असते. संशोधक जिथे हालचाल दिसते तिथे उभा राहतो, त्यामुळे डोक्यावर पाटी घेऊन धावणारा पुरुष त्याला दिसला आणि ओट्यापाशी उभी असलेली बाई दिसली नाही.

याचा तोटा फक्त न्यायाचा नाही, अंदाज चुकण्याचाही आहे. २०२० च्या मार्चमध्ये लोकल बंद पडली आणि बहुतेक डबेवाले गावी परतले. लोकल पुन्हा धावू लागल्यावरही त्यांची संख्या पूर्वीच्या निम्म्यापर्यंतही पोहोचली नाही. कारण म्हणून घरून काम आणि जेवण पोहोचवणारी ॲप सांगितली जातात, आणि दोन्ही खरी आहेत. पण ओहोटी त्याआधीच लागली होती. घरातली बाईच आठ-वीसची लोकल पकडू लागली की नऊ वाजता डबेवाल्याच्या हातात डबा द्यायला दाराशी कोणी उरत नाही. मग पोळी-भाजी केंद्रातून डबा येतो, नाहीतर ती निघतानाच दोन्ही डबे भरून एक नवऱ्याच्या हातात देते. ॲपशी स्पर्धा हा विषय वर्गात लगेच रंगतो. या दुसऱ्या कारणाबद्दल विद्यार्थी आधी गप्प बसतात, आणि मग एखादी मुलगी आपल्या आईचं वेळापत्रक सांगू लागते. पुस्तकात ते प्रकरण ॲपच्या प्रकरणाआधी ठेवलं आहे.